सुट्टीतली सहल : पेशवे पार्क ते कात्रज



स्मरणिकेसाठी "आपल्या भागाचा थोडा इतिहास लिहा" असा निरोप समितीकडून आला, तेव्हा मी आधी हात झटकले. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो, १९७१ साली बँकेत लागलो आणि निवृत्त होईपर्यंत जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडे फारसं पाहिलं नाही. मग लक्षात आलं की एका विषयाचा इतिहास आपण स्वतःच्या पायांनी चाललो आहोत, तो म्हणजे शाळेच्या सुट्टीतली सहल. पुण्यात मुलांना घेऊन जायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर गेल्या सत्तर वर्षांत कसकसं बदललं, ते लिहितो. त्यात आपल्या सोसायटीच्या खात्यावर राहून गेलेली एक जुनी बाकी आहे. तीही ओघात येईल.

सुरुवात १९९९ पासून करतो, कारण ते आपलं वर्ष. त्या वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. त्याच वर्षी शहराच्या मध्यावर असलेल्या पेशवे पार्कातले प्राणी आपल्या शेजारी, कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात राहायला आले. वाघ, माकडं, हरणं आणि आपण, सगळे एकाच सुमारास गाव सोडून सातारा रस्त्याला लागलो! तेव्हा आपल्यापैकी कित्येक जण "इतक्या लांब कोण राहणार" म्हणून कुरकुरत होते. वाघाने कुरकुर केली की नाही ते ठाऊक नाही. पण त्याला जागा आपल्यापेक्षा मोठी मिळाली.

वाड्यातली अकरा मुलं

आता मागे जाऊ, मे १९५७ मध्ये. मी साडेसात वर्षांचा. आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात राहायचो. दोन खोल्यांची आठ बिऱ्हाडं, एक नळ, एक आड. सुट्टी लागली की निम्मी मुलं मामाच्या गावी जायची. ज्यांचे मामा पुण्यातच, ती उरायची. अशा उरलेल्या मुलांना माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एका रविवारी पेशवे पार्कात नेत. ते सरकारी कचेरीत कारकून होते. आदल्या रात्री आई दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची, शेजारच्या काकू गुळपापडी द्यायच्या आणि पाण्याला फिरकीचा तांब्या.

त्या वर्षी आम्ही अकरा मुलं होतो. अकरावा मुलगा वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. तो आमच्याबरोबर विटीदांडू खेळायचा, म्हणून आमच्याबरोबर निघाला. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पार्कात मुख्य आकर्षण म्हणजे फुलराणी. ही छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली होती, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा अगदी नवी कोरी. खिडकीपाशी ही गर्दी, आणि गर्दीत वादावादी. कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले होते आणि आण्याचा हिशोब कुणाच्याच डोक्यात बसत नव्हता. एका आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे चोवीस न होता पंचवीस! दादा खिडकीशी हिशोब करत असताना बरोबर आलेले एक गृहस्थ म्हणाले, "त्या अकराव्याचं तिकीट कशाला? तो डब्यांवर लक्ष ठेवेल." दादांनी मागे न बघता अकरा तिकिटं मागितली. मग त्या मुलाला म्हणाले, "डब्यांवर मी लक्ष ठेवतो. तू बस जा." आम्ही गाडीत बसलो, आणि दादा डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन झाडाखाली बसले. गाडी वळणावरून येताना आम्ही त्यांना हात केला, तेव्हा त्यांनीही टोपी हलवली. दादा स्वतः फुलराणीत कधी बसलेच नाहीत, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी सुचलं.

खासगी होतं, ते सगळ्यांचं झालं

ज्या जागेवर आम्ही गाडीत बसलो ती जागा मुळात आमच्यासारख्यांसाठी नव्हती. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना जनावरांची मोठी हौस, ती तिथे पाळली जात. म्हणजे तो एका मालकाचा शौक होता. पुढे १९५३ साली पुणे महापालिकेने तिथे मुलांसाठी बाग आणि प्राणिसंग्रहालय केलं आणि नाव ठेवलं पेशवे उद्यान. शेजारची सारसबागही तशीच. नानासाहेब पेशव्यांनी तिथे तळं बांधून घेतलं. त्या तळ्यात नावेत बसून पेशवे खलबतं करत, आणि मराठी न समजणारे नावाडी मुद्दाम ठेवत, असं सांगतात. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ साली गणपती बसवला. पुढे तळं आटलं, बाग झाली, पण आमच्या आजीच्या तोंडी तो अखेरपर्यंत 'तळ्यातला गणपती'च होता. आज त्याच हिरवळीवर कोणीही जाऊन बसतं. थंडीत गणपतीला स्वेटर-टोपी घालतात तेव्हा लहान मुलं टाळ्या वाजवतात. जिथे राज्यकारभाराच्या गुप्त मसलती होत, तिथे आता भेळेच्या पुड्या सुटतात.

थोडं वर पर्वती. देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेबांनी १७४९ साली बांधलं आणि पानिपतानंतर १७६१ साली त्यांचा अंतही तिथेच झाला. मुलांना हे सांगितलं तर ती ऐकून घेतात, पण त्यांचं खरं लक्ष पायऱ्यांकडे. मोठी माणसं १०३ सांगतात. आमचा आकडा दरवेळी वेगळा यायचा.

शनिवारवाड्याचंही तेच. पहिल्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आतल्या महालांचे राहिले ते जोते आणि कारंज्यांचे खड्डे. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेसाठी होते. एके काळी परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नसे, आणि आम्ही तिथे लपाछपी खेळलो.

या सगळ्या ठिकाणी आम्ही जायचो पीएमटीने. तिचीही कथा अशीच आहे. पुण्यात १९५० पर्यंत शहर बस चालवायची एक खासगी कंपनी, नाव सिल्व्हर ज्युबिली मोटर्स! रौप्यमहोत्सवी अंकात हे नाव यावं हा योग म्हणायचा. १९५० साली महापालिकेने ती सेवा ताब्यात घेतली आणि पीएमटी सुरू झाली. दादा पीएमटीला बरीच वर्षं 'सिल्व्हर ज्युबिली'च म्हणत.

हे सगळं मी एका ओळीत मांडतो तेव्हा मला एक गोष्ट दिसते. आमच्या लहानपणीची जवळजवळ प्रत्येक सहलीची जागा आधी कुणाची तरी खासगी होती आणि नंतर सगळ्यांची झाली. कधी महापालिकेने केली, कधी मालकाने स्वतःहून दिली.

स्वतःहून दिलेल्यांत पहिलं नाव डॉ. दिनकर केळकरांचं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. पुढे या माणसाने पत्नीच्या साथीने गावोगाव हिंडून जुन्या वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. हजारो वस्तूंचा हा संग्रह त्यांनी सरकारच्या, म्हणजे आपल्या, हवाली केला. नाव मुलाचं ठेवलं : राजा दिनकर केळकर संग्रहालय. स्वतःच्या मुलाला दाखवता आलं नाही, ते त्यांनी गावातल्या सगळ्या मुलांना दाखवलं. मी तिथे मुलांना नेतो तेव्हा आधी ही गोष्ट सांगतो. मग ती वस्तूंना हात लावत नाहीत, वेगळी पाटी लागत नाही.

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ चा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधला असं सांगितलं जातं. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना तिथे स्थानबद्ध केलं. आठवडाभरात महादेवभाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. १९६९ साली आगाखानांनी हा वाडा देशाला देऊन टाकला. त्याच वर्षी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, म्हणून ते साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. कॅम्पाकडची एम्प्रेस गार्डन आधी सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखली जायची, म्हणजे नावातच ती कुणासाठी होती ते कळतं. आता तिथल्या प्रचंड वेलींखाली शाळांचे डबे उघडतात. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय १८९० साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेलं. उन्हाच्या दुपारी आम्हाला गप्प बसवायला त्याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

पूर आला आणि सहल थांबली

मे १९६१ मध्ये दादांनी आम्हाला खडकवासल्याला नेलं. धरणाच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "आपल्या नळाला येतं ते हे पाणी." दोन महिन्यांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंत फोडली आणि ते पाणी नळाने न येता दारातून आलं. नारायण पेठ नदीकाठची. आमचा वाडा अर्धा बसला. आम्ही आधी शाळेत, मग नातेवाइकांकडे राहिलो. वाड्यातली मुलं गावभर पांगली. भांडी घासणाऱ्या बाई कुठे गेल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांचा मुलगा मला पुन्हा भेटला नाही.

१९६२ च्या मे महिन्यात सहल झाली नाही. कुणी विषयही काढला नाही. १९६३ साली मात्र दादांनी जुने पत्ते शोधून काढले, घरोघरी जाऊन सांगितलं आणि आठ मुलं जमवली. तेव्हा मला ते उगाचची यातायात वाटली होती. चाळीस-पन्नास रुपये उसने घेऊन संसाराची भांडी पुन्हा जमवणारा माणूस सहलीसाठी सायकलवर वणवण का करतो, ते कळण्याइतका मी मोठा नव्हतो. आता कळतं. सहल एकदा मोडली की आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी उठून सुरू करावी लागते.

माझी मुलं आणि बँकेची सुट्टी

मी स्वतः बाप झालो तेव्हा मात्र दादांसारखा निघालो नाही. बँकेतल्या सहकाऱ्यांना सांगायला नको, दर तीन वर्षांनी बदली, आणि मे संपला की जूनच्या सहामाही क्लोजिंगची तयारी. मुलांची सुट्टी आणि माझी रजा यांची गाठ पडायची नाही. मग एलएफसी साठवायचो आणि चार वर्षांतून एकदा कन्याकुमारी नाहीतर काश्मीर असा लांबचा बेत करायचो. पंधरा दिवसांत बारा गावं. मुलगा आणि मुलगी आता चाळिशीत आहेत. त्या प्रवासांतलं त्यांना विचारलं तर आठवते ती रेल्वेतली भांडणं. पण एका रविवारी आम्ही पुण्याहून लोकलने (ही लोकल १९७८ साली सुरू झाली) मळवलीला उतरून भाज्याची लेणी चढलो, तिथे पाऊस आला आणि आम्ही दगडाच्या छताखाली बसून भिजलेल्या पोळ्या खाल्ल्या. ती सहल दोघांनाही मिनिटामिनिटासकट पाठ आहे. त्याला खर्च आला तो लोकलच्या तिकिटांचा.

सिंहगडाचं तसंच. पायथ्याला आतकरवाडीपर्यंत बस, पुढे पायी. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. तानाजी मालुसऱ्यांची १६७० ची लढाई मुलांना गडावरच सांगावी, पुस्तकातून सांगू नये. कडा डोळ्यांनी पाहिला की प्रश्न आपोआप सुटतात. टिळकांचा बंगलाही तिथेच.

नवी ठिकाणं

काळ बदलला. १९८९ साली मुंबईजवळ एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि मुलांच्या तोंडी पाण्याची घसरगुंडी आली. पुढे मॉल आले, रिसॉर्ट आले. मी त्यांच्या विरुद्ध नाही. मुलीने मला नेलं होतं, थंडगार हवा होती, गुडघे दुखले नाहीत. एक मात्र जाणवलं. तिथे आत शिरायलाच जे पैसे लागतात त्यात दादांच्या अकरा मुलांची वर्षाची सहल निघाली असती. त्यामुळे आत जी मुलं दिसतात ती सगळी एकाच प्रकारच्या घरातली असतात. फुलराणीच्या डब्यात तसं नव्हतं. आधी खासगी जागा सार्वजनिक होत गेल्या. आता आपण सार्वजनिक जागा सोडून पुन्हा खासगी जागांकडे चाललो आहोत, आणि तेही तिकीट काढून.

पण हेही खरं की याच काळात पुण्यात देणारेही निघाले. कोथरूडमध्ये १९९८ साली जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभं राहिलं. आयुकामध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' झाली. तिथे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, सायकलची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून हजारो मुलांना खेळणी करून दाखवली. सिंहगड रस्त्यावर २००६ पासून पु. ल. देशपांडे उद्यान आहे, जपानच्या ओकायामा शहरातल्या बागेच्या धर्तीवर केलेलं.

आणि आपलं कात्रज! इथे नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सर्पोद्यान सुरू केलं. १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका पिंजऱ्यात राहिलेला हा माणूस. साप दिसला की काठी शोधणाऱ्या पुणेकरांना त्यांनी फोन करायला शिकवलं. पुढे त्याच जागी, सुमारे १३० एकरांत, प्राणिसंग्रहालय आलं. त्याच्या मध्ये जो तलाव आहे तोही नानासाहेब पेशव्यांचाच. त्यातून भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत पाणी नेलं होतं. म्हणजे पेशव्यांच्या शिकारखान्याच्या जागेवरून उठलेले प्राणी पेशव्यांच्याच तलावाकाठी आले. इतकं सगळं आपल्या घरापासून दोन थांब्यांवर आहे आणि आपली मुलं तिथे शेवटची कधी गेली, हे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावं.

ती जुनी बाकी

आता सोसायटीच्या सहलीबद्दल. मे २००० मध्ये पहिली सहल कात्रजलाच गेली, सगळे चालत. २००२ च्या मे महिन्यात खासगी बस ठरवली : केळकर संग्रहालय, सारसबाग आणि शेवटी फुलराणी. प्राणी गेले होते, गाडी तिथेच होती. मी खजिनदार. हातात नावांची यादी, वर्गणी आलेल्यांसमोर बरोबरची खूण.

बस निघायची वेळ झाली. आपल्या तेव्हाच्या रखवालदाराने फाटक उघडलं. त्याची आठ वर्षांची मुलगी वेण्यांना रिबिनी बांधून, शाळेचा गणवेश घालून फाटकाशी उभी होती, धाकट्या भावाचा हात धरून. आपल्याच मुलांनी तिला "तूपण चल" म्हणून सांगितलं होतं. बसमध्ये चार जागा रिकाम्या होत्या. समितीतले एक जण माझ्या कानाशी म्हणाले, "घेऊ या का?" मी म्हटलं, "वर्गणी सभासदांची आहे. खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा? ऑडिटर विचारेल." कुणी काही बोललं नाही. माझं म्हणणं नियमाने बरोबरच होतं. बस निघाली.

दुपारी फुलराणीच्या खिडकीशी मी तिकिटं मोजत होतो. माझ्या पत्नीने दादांची १९५७ ची गोष्ट माझ्याच तोंडून दहा वेळा ऐकली होती. ती शेजारी येऊन हळूच म्हणाली, "दादांनी कुठलं शीर्ष लावलं होतं हो?" एवढंच. मला उत्तर देता आलं नाही, आणि गाडीत बसायचंही मन झालं नाही. मी डब्यांपाशी बसलो. पण त्या बसण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मीच ठराव मांडला की सोसायटीत काम करणाऱ्यांची मुलंही सहलीला येतील आणि त्यांचा खर्च 'सांस्कृतिक कार्यक्रम' या शीर्षाखाली पडेल. म्हणजे शीर्ष होतं, मी शोधलं नव्हतं इतकंच. एका सभासदांनी शंका काढली की अशाने प्रथा पडेल. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजी, आज त्या आपल्यात नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पडू दे की! चांगल्या प्रथा पाडायला नाही तर सोसायटी काय फक्त पाण्याच्या टाक्या धुवायला आहे?" सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

२००३ पासून २०१९ पर्यंत तो पाळला गेला. रखवालदार, सफाईवाले, घरकामाच्या मावशी, सगळ्यांची मुलं आली, गात गेली, गात आली. मात्र ठराव होईपर्यंत तो रखवालदार दिवाळीतच नोकरी सोडून कुटुंबासह गावी गेला होता. ती मुलगी फुलराणीत बसली नाही. खात्यावरची बाकी ती हीच. बँकेत अशी रक्कम वर्षानुवर्षं पडून राहिली तर वेगळ्या खात्यात टाकतात, पण ती संपत नाही. खातेदार केव्हाही आला तर द्यावीच लागते.

पुढे

मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि सहल थांबली. टाळेबंदी उठली, दुकानं उघडली, शाळा उघडल्या, पण सहल सुरू झाली नाही. कुणी नको म्हटलं नाही, फक्त कुणी विषय काढला नाही. १९६२ साली आमच्याकडे झालं होतं, तसंच.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मी तो विषय काढतो. येत्या मे महिन्यातल्या एका रविवारी आपल्या सोसायटीतली सगळी मुलं, सभासदांची, भाडेकरूंची आणि आपल्याकडे काम करणाऱ्यांची, मिळून कात्रजला जाऊ. अनुभवावरून काही सूचना. सकाळी लवकर निघावं, दुपारी प्राणी सावलीला झोपतात. बुधवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून सुट्टीत मधल्या वारी मुलांना नेणाऱ्या आजी-आजोबांनी लक्षात ठेवावं. डबा घरचा असावा आणि एकमेकांत वाटून खावा. मोबाइल मोठ्यांनीही खिशात ठेवावा. मुलांना तलावाची, शिकारखान्याची आणि सापांबरोबर राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगायला मी आहे. माझे गुडघे चालण्याच्या बाबतीत तक्रार करतात, पण बोलण्याच्या बाबतीत नाही.

पुढच्या वर्षी केळकर संग्रहालय आणि आगाखान पॅलेस, त्यापुढे भाजे. ठिकाणं पुष्कळ आहेत, ज्यांनी ती आपल्याला दिली त्यांनी दारं उघडी ठेवली आहेत. यंदा बस लागली तर तिचं भाडं मी देईन. पुढच्या वर्षापासून शीर्ष आहेच.

ती मुलगी आता तिशीत असेल. तिचीही मुलं कुठल्यातरी गावात शाळेत जात असतील आणि त्यांनाही मे महिन्याची सुट्टी लागत असेल. ती राहते तिथल्या फाटकापाशी एखादी बस उभी असेल, तर त्या बसमध्ये यादी हातात घेतलेला माणूस माझ्यापेक्षा शहाणा असावा, एवढी माझी प्रार्थना आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सहलीसाठी नावं माझ्याकडे द्यावीत. यादी मीच करणार आहे, पण या वेळी बरोबरच्या खुणेचा रकाना ठेवणार नाही.